कुवलया राणी आणि बांधलेला चंद्र

एका राज्यात चंद्र साऱ्या बायकांना ओळखत होता. तिथला नियमच तसा होता. अवस आली की राज्यातल्या झाडून साऱ्या बायका एकाच दिवशी बाहेर बसत. राणी बसे, दासी बसे, कोळीण बसे, सावकारीण बसे. त्या सकाळी कावळे थव्याने येत, उंबऱ्याउंबऱ्यावर उतरत आणि एकेकीच्या खांद्याला चोच लावून उडून जात. मग चुलीपुढे पुरुष बसत. भाकऱ्या करपत, कालवणे खारट होत, पण कुणी तक्रार करीत नसे. पुढे चंद्र भरू लागला की बायकांची कूसही भरू लागे. अवसेला कावळा आलाच नाही, तर त्या घरी साखर वाटत.

त्या राज्याचा राजा भद्रकेतू. त्याची राणी कुवलया. राज्य मोठे, कोठारे भरलेली, शत्रू दबलेले. पण राजवाड्यात पाळणा हलत नव्हता. दर अवसेला कुवलया सज्जात उभी राही आणि मनात म्हणे, आज नको येऊस. कावळा येई. खांद्याला चोच लागली की राणी डोळे मिटून घेई. दासी तिच्यासमोर आपली लेकरे कडेवर घेत नसत. त्यांचे ते जपणेच तिला जास्त बोचे.

एके दिवशी दरबारात धूम्रकेश नावाचा मांत्रिक आला. त्याचे केस धुरासारखे होते, वाऱ्यावाचून हलत होते. दर दोन शब्दांमागे तो खोके, सुक्या शेंगेतले बी वाजावे तसे.

धूम्रकेश म्हणाला, "राजा, तुझी राणी वांझ नाही. चंद्र चोर आहे. तो घटतो आणि तिच्या कुशीतले घेऊन जातो. मी त्याला घटू देणार नाही."

राजा म्हणाला, "मोबदला काय घेशील?"

"मला काही नको. जो जन्मेल त्याला जन्मताच गादी दे."

राजाच्या डोळ्यांत पाणी आले. "ती त्याचीच आहे," तो म्हणाला, आणि वचन दिले. राणीला त्याने विचारले नाही.

पुनवेच्या दिवशी धूम्रकेश डोंगरावरच्या तळ्याकडे गेला, आणि त्या दिवसापासून चंद्र जागचा हलला नाही. सूर्य उगवे, मावळे, पण चंद्र तळ्याच्या माथ्यावर तसाच, गरगरीत, पांढरा. भर दुपारीही तो मेलेल्या माशाच्या डोळ्यासारखा आभाळात दिसे. राज्यातले कावळे बसल्या फांदीवर पांढरे दगड झाले आणि पिकल्या फळांसारखे खाली पडले.

अवस आली नाही. कुठल्याच बाईच्या खांद्याला चोच लागली नाही. घरोघर साखर वाटली गेली, शेजारीण शेजारणीला मिठी मारू लागली. पण दिवस लोटले तरी कुणाला डोहाळे लागेनात, कुणाचे पोट दिसेना. ज्या आधीपासून गरोदर होत्या त्यांचे दिवस भरून उलटले, तरी वेणा येईनात. त्या भिंतीला टेकून बसत आणि पोटावर हात ठेवून वाट बघत. हळूहळू बायकांनी एकमेकींना विचारायचे सोडून दिले. विहिरीवर घागरी भरत, पण आवाज येई तो फक्त दोराचा.

एकट्या राणीचे पोट वाढत होते.

पहिल्यांदा ती हरखली. मग तिला गारठा जाणवू लागला. अंगावर तीन दुलया घेतल्या तरी आतून थंडी येई. उशाशी ठेवलेले दूध गोठून जाई. राजाने जुन्या जाणत्या सुइणीला बोलावले. सुइणीने राणीच्या पोटाला कान लावला, बराच वेळ ऐकले, मग उठून घरी गेली. त्यानंतर ती कुणाशीच बोलली नाही.

एका दुपारी कुवलया एकटीच केस विंचरीत बसली होती. सूर्य कलला होता, खिडकीतून ऊन आत येत होते. तेवढ्यात कुणीतरी खोकले. सुक्या शेंगेतले बी वाजावे तसे. राणीने मागे पाहिले. मागे कुणी नव्हते. पुन्हा खोकला आला, आणि तिच्या पोटातून एक बारीक, गोड आवाज म्हणाला,

"आई, पडदा लाव. मला ऊन सोसत नाही."

राणीच्या हातातली फणी गळून पडली. तरी ती उठली आणि तिने पडदा लावला. का लावला, हे तिचे तिलाही कळले नाही. त्याने 'आई' म्हटले होते.

तिने राजाला बोलावून सांगितले. राजा तिच्यापुढे गुडघे टेकून बसला. पोटातला आवाज म्हणाला, "तात, गादी झाडून ठेवली आहे ना?" राजाचा चेहरा क्षणभर पांढराफटक पडला. मग तो मोठ्याने हसला. "राणी, जन्माआधी बोलणारा पुत्र! केवढे थोर लक्षण!" तो लगबगीने निघून गेला आणि जाताना त्याने दार ओढून घेतले. राणीला कळले की त्यालाही ऐकू आले आहे, आणि ते त्याला ऐकायचे नाही.

त्यानंतर एक गोष्ट तिच्या ध्यानात आली. सूर्य माथ्यावर असला की पोटातला तो निजत असे. तेवढा वेळ तिचे मन तिचे असे. अशाच एका माध्यान्ही सज्जाच्या कठड्यावर एक कावळा येऊन बसला. राज्यात दुसरा कावळा उरला नव्हता.

कावळा म्हणाला, "राणी, मी सीमेपलीकडे पिंडाला शिवायला गेलो होतो, म्हणून वाचलो. परत आलो तर माझे सारे गोत दगड होऊन पडलेले. हळू बोल, तो जागा होईल."

कुवलयाने विचारले, "माझ्या पोटात कोण आहे?"

"धूम्रकेश आहे. जगाच्या आरंभापासून चंद्राला एक दोर आहे. त्याचे धागे राज्यातल्या प्रत्येक बाईच्या बेंबीशी येतात. धूम्रकेशाने तो दोर तळ्यातल्या खुंटीला गुंडाळला. चंद्र अडकला, बायका अडकल्या. आणि आता तो तुझ्या धाग्यावरून थेंबाथेंबाने तुझ्या पोटात उतरतो आहे. तुझ्या पोटी तो जन्मेल, गादीवर बसेल. मग चंद्र कधी सुटणार नाही आणि तो कधी मरणार नाही."

राणीने कठडा घट्ट धरला. "मी काय करू?"

"तीन कामे आहेत. धागा दिसत नाही, दिसेल असे काजळ आण. धागा तुटत नाही, तुटेल असा विळा आण. मग तळ्यात उतर आणि तोड. पहिल्या दोन कामांची वाट मी दाखवीन. तिसऱ्यात माझा उपयोग नाही."

राणीने अंगावर साधे लुगडे घेतले आणि मागच्या दाराने ती निघाली. कावळा पुढे, ती मागे.

वेशीबाहेर कुंभारवाडा होता. तिथे सगुणी नावाची कुंभारीण राहत होती. राज्यातल्या साऱ्या अडलेल्या बायकांत तिचे दिवस सर्वांत आधी भरले होते. ती भिंतीला टेकून बसली होती. बसल्या जागेवरून तिला उठता येत नव्हते. पोटाचा भार एवढा की नवऱ्याने दोन्ही बाजूंना मडक्यांच्या उतरंडी लावून तिला आधार दिला होता. तिच्या हाताशी काजळाची डबी होती. बाळासाठी तिने ते स्वतः धरले होते. अडलेल्या आईने धरलेल्या काजळानेच धागा दिसतो, असे कावळा म्हणाला, आणि राणीने सगुणीला दोराची सारी हकीकत सांगितली.

"राणीसाहेब, काजळ न्या," सगुणी म्हणाली. तिच्या आवाजात जीव नव्हता. "पण आधी माझ्या लेकीला समजवा. ती आता बाहेर यायचे नाही म्हणते. दोर सुटला तरी ती आली नाही, तर मी कशी जगू?"

कुवलयाने तिच्या पोटावर हात ठेवला. आतून आवाज आला, "बाहेर काय आहे?"

राणीला खोटे बोलवेना. ती म्हणाली, "बाहेर ऊन आहे. भूक आहे. पडणे आहे, लागणे आहे, रडणे आहे."

"मग मी का येऊ?"

राणीने सगुणीच्या तोंडाकडे पाहिले. ओठ फुटले होते, डोळे खोल गेले होते. ती म्हणाली, "तुझी आई फार दमली आहे."

मग आवाज आला, "हे मला आधी का नाही सांगितले? दार उघडा. मी निघते."

सगुणी रडू लागली. राणीने डबीतले काजळ डोळ्यांत घातले आणि बाहेर पाऊल टाकले. आणि ती जागीच थिजली.

सारे राज्य धाग्यांनी भरले होते. प्रत्येक घराच्या कौलांतून, प्रत्येक खिडकीतून पांढरे धागे निघून डोंगराकडे ताणले गेले होते. धुणे धुणाऱ्या बायकांच्या, शेतात वाकलेल्या बायकांच्या बेंबीपासून धागे निघाले होते आणि त्यांना त्याची खबर नव्हती. तिने स्वतःकडे पाहिले. तिचा धागा मनगटाएवढा जाड होता. त्याच्यावरून काळे थेंब, एकामागून एक, गोगलगाईच्या चालीने तिच्याकडे सरकत होते.

"बघू नकोस," कावळा म्हणाला, "चाल."

डोंगराच्या पायथ्याशी एक रान होते. तिथे झाडाखाली दगडी कावळ्यांचा खच पडला होता. त्या खचावर झोटी नावाची राक्षसीण बसली होती. ती इतकी म्हातारी होती की तिचा धागा केव्हाच गळून गेला होता. तिच्या मांडीवर एक विळा होता. पृथ्वीवरची पहिली नाळ त्या विळ्याने कापली होती.

झोटी म्हणाली, "विळा हवा? मग एका प्रश्नाचे उत्तर दे. तुला सर्वांत जास्त भीती कशाची वाटते? खोटे बोललीस तर तू दगड होशील. या कावळ्यांत एक राणी शोभून दिसेल."

कुवलया म्हणाली, "धूम्रकेशाची."

तिची पावले दगड झाली. घोट्यापर्यंत गारठा चढला.

"मरणाची," ती घाईने म्हणाली.

गुडघे दगड झाले. आता तिला पळताही येणार नव्हते. झोटी दात कोरीत बसली होती. तिला घाई नव्हती.

राणीने डोळे मिटले. जे तिने राजाला सांगितले नव्हते, कावळ्याला सांगितले नव्हते, मनातही कधी पुरते म्हटले नव्हते, ते तिने शोधले. मग ती म्हणाली,

"माझ्या पोटात जो आहे तो कोण हे मला ठाऊक आहे. तरी रोज तो आई म्हणतो आणि रोज मला ते थोडे जास्त आवडते. मला त्याची भीती नाही वाटत. तो जन्मला तर मी त्याला छातीशी धरीन, याची वाटते."

दगड तडकला आणि ढलप्या होऊन गळून पडला. झोटीने विळा तिच्या हातात दिला. तिचा स्वर पहिल्यांदा मऊ झाला. "जा पोरी. तळ्यावर तो गोड बोलेल. आजवर बोलला नाही इतके गोड बोलेल."

पण या साऱ्यात सूर्य कलला होता. डोंगर चढता चढता पोटातला जागा झाला.

"आई, कुठे निघालो आपण?"

राणी चढत राहिली.

"आई, तुझ्या हातात काय आहे?"

तिने विळा पदराखाली घेतला. तेव्हा तो खोकला, आणि एकाएकी तिचे पोट जात्याच्या तळीसारखे जड झाले. ती गुडघ्यावर आली. उरलेली चढण तिने हातांवर, गुडघ्यांवर पार केली. कावळा तिच्या डोक्यावर घिरट्या घालीत राहिला.

तळ्याचे पाणी काळे होते. वर सूर्य होता, पण पाण्यात सूर्य दिसत नव्हता, फक्त चंद्र दिसत होता. मधल्या खडकावर धूम्रकेश बसला होता. आता त्याची नुसती कातडी उरली होती, रित्या पखालीसारखी, आत कुठेतरी थोडेसे काही हलत होते. त्याच्यापुढे हाडाची खुंटी होती. तिला चंद्राचा दोर वेढे घालून बांधला होता आणि तिथून राज्यातल्या बायकांचे धागे फुटले होते.

राणी पाण्यात उतरली. कमरेपर्यंत गेली तोच पोटातला किंचाळला, "तात! आई मला मारते आहे!"

ती हाक डोंगर उतरून राजवाड्यात पोचली. राजा घोड्यावर बसला आणि वाऱ्यासारखा आला. त्याच्या हातात नागवी तलवार होती. काठावर उभा राहून तो ओरडला, "राणी, थांब! तो माझा वंश आहे!"

कुवलया म्हणाली, "महाराज, चंद्र बांधताना तुम्ही मला विचारले नाही. आता विचारा."

राजाची तलवार हवेत राहिली. पाण्यात राणी थरथरत उभी होती, तिचे ओठ निळे पडले होते. त्याने तिच्याकडे पाहिले, जणू कित्येक दिवसांनी पाहत होता.

"राणी," तो हळू म्हणाला, "तुझ्या पोटात कोण आहे?"

ती काही बोलण्याआधी पोटातला घाईने म्हणाला, "तात, मी! तुमचाच!" आणि खोकला. त्याच क्षणी खडकावरच्या कातडीचेही तोंड उघडले आणि तीही खोकली. एकच खोकला, दोन तोंडांतून.

राजाने तलवार टाकली. तो पाण्यात शिरला, राणीपाशी आला आणि तिने धाग्याचे, काजळाचे सांगताच म्हणाला, "मला काजळ लाव." राणीने आपल्या डोळ्यांतले बोटावर घेऊन त्याच्या डोळ्यांत घातले. त्याला धागा दिसला, त्यावरचे काळे थेंब दिसले. त्याने तो धागा दोन्ही मुठींत धरला आणि ताणला. धागा थंडीने जाळत होता. त्याच्या तळव्यांचे मांस पांढरे पडले. त्याने सोडले नाही.

राणीने विळा उचलला.

मग पोटातला खरोखरच गोड बोलला. त्याचा खोकला गेला. अगदी तान्ह्या मुलाच्या आवाजात तो म्हणाला, "आई, मला तुझे डोळे आहेत. एकदा बघ तरी. मग काय करायचे ते कर."

राणीच्या गालांवरून पाणी वाहू लागले. तिला त्याचा चेहरा दिसला, जसा तिने कितीतरी अवसांना डोळे मिटून पाहिला होता. तिने एक हात पोटावर ठेवला.

"असतील माझे डोळे," ती म्हणाली, आणि धागा तोडला.

धूम्रकेश पोटातही उरला नाही आणि खडकावरही उरला नाही. कातडी पाण्यात पडली आणि वाळल्या पानासारखी तरंगत गेली. राणीच्या पोटातला गारठा उतरला, जडपणा उतरला, आणि तिच्याभोवतीचे काळे पाणी लाल झाले. ते ऊनऊन होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिला ऊब लागली, आणि ती मोठ्याने रडली. राजाने तिला धरले. त्याला दुसरे काही सुचले नाही, आणि दुसरे काही करण्यासारखे नव्हतेही.

कावळा खुंटीवर येऊन बसला. "राणी, अजून मोठा दोर राहिला आहे. वेढे सोडवलेस तर सारे पहिल्यासारखे होईल. बायका पुन्हा अवसेला बसतील, चंद्र त्यांना ओळखील. पण दोर असला की बांधणारा आज ना उद्या येणारच. तोडलास तर चंद्र पुन्हा कुणाला ओळखणार नाही. तो त्याच्या वाटेने, बायका त्यांच्या."

कुवलयाने वर पाहिले. लहानपणापासून तिने त्या चंद्राकडे बघून आपले दिवस ओळखले होते. तिच्या आईने तसेच ओळखले होते. हात आखडला. मग तिला भिंतीला टेकलेली सगुणी आठवली, आणि विहिरीवरचा तो दोराचा आवाज.

तिने दोन्ही हातांनी विळा चालवला.

दोर तुटला तो आभाळभर आवाज करून. चंद्र दाव्यातून सुटलेल्या खोंडासारखा उधळला, आभाळ ओलांडून गेला आणि डोंगरापलीकडे मावळला. रानातले दगड फुटले, आतून कावळे निघाले आणि त्यांनी आभाळ काळे केले. खुंटीवरचा कावळा उडाला, राणीच्या खांद्यावर उतरला आणि त्याने हळूच चोच लावली. या वेळी तिने डोळे मिटले नाहीत.

त्या संध्याकाळी राज्यातल्या साऱ्या बायका एकदम बाहेर बसल्या, ते शेवटचे. साऱ्या अडलेल्या बायका मोकळ्या झाल्या. सगुणीची लेक सर्वांत आधी आली. तिचे डोळे उघडे होते आणि ती आईकडे बघत होती.

पुढे अवस आली, आणि त्या दिवशी कुणीच बसली नाही. कुणी दशमीला बसली, कुणी चतुर्थीला. कुणी लवकर, कुणी उशिरा. बायका भ्याल्या. त्या घोळक्याने राजवाड्यावर आल्या आणि म्हणाल्या, "राणीसाहेब, आता आमचा दिवस आम्हाला कोण सांगणार?"

कुवलया म्हणाली, "जिचा तिला कळेल. मलाही भीती वाटते. सवय होईल."

कावळ्यांना बारमाही काम लागले. कोणत्या घरी कधी भाकरी थापावी लागेल याचा नेम न उरल्याने पुरुषांना नीट रांधायला शिकावे लागले, आणि काही वर्षांनी त्या राज्यातल्या आमट्या खरोखर चांगल्या होऊ लागल्या. राजाचे तळवे जन्मभर पांढरे राहिले. त्यानंतर त्याने राणीला विचारल्याशिवाय कुणाला वचन दिले नाही. राज्याची घडी बसली, पिके आली, पाळणे हलले, भय निवले.

आणि एका वर्षी कुवलया राणीला दिवस गेले. कोणत्या तिथीला गेले, ते चंद्राला कळले नाही.